'एल बोला' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. दरवर्षी वर्गाला 'एल बोला' दाखवते आणि अधूनमधून एका वाचनालयाच्या हॉलमध्ये पालकांसाठीही लावते. प्रत्येक वेळी दोन दिवसांत फोनवर तेच ते प्रश्न येतात. निम्मे भाषेचे असतात, निम्मे घरचे. ते इथे एकत्र केले आहेत. शेवट उघड होईल असं फक्त प्र. १५ मध्ये आहे. चित्रपट पाहायचा असेल तर तेवढा वगळा.

१. हा चित्रपट नक्की कशाबद्दल आहे?

'एल बोला' २००० साली स्पेनमध्ये आला. लांबी जेमतेम दीड तास. आचेरो मान्यास यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याआधी ते नट होते आणि त्यांनी लघुपटही केले होते. माद्रिदमधल्या एका साध्या कामगार वस्तीत पाब्लो नावाचा बारा वर्षांचा मुलगा राहतो. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. वर्गात आल्फ्रेदो नावाचा नवा मुलगा येतो, दोघांचं जमतं आणि पाब्लो त्याच्या घरी जायला लागतो. पाब्लोला घरी बाप मारतो, ते या जाण्यायेण्यातून बाहेर पडतं. गोष्ट एवढीच.

२. 'एल बोला' म्हणजे काय? डिक्शनरीत 'ला बोला' आहे, मग 'एल' कसं?

वर्गातला सगळ्यांत लाडका प्रश्न. 'बोला' म्हणजे गोळा, चेंडू, गोटी. शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून त्याच्या आधी 'ला' हवं. पण इथे ते मुलाचं टोपणनाव आहे. मुलगा पुल्लिंगी, म्हणून 'एल'. आपणही एखाद्या मुलाला 'ढोली' म्हणत असलो तरी 'ढोली आला' असंच म्हणतो, 'ढोली आली' म्हणत नाही. तसंच हे.

पाब्लो खिशात एक लोखंडी गोळी बाळगतो, नशिबाची म्हणून. तिच्यावरून हे नाव पडलं. ती गोटी नाही. बेअरिंगमधला छर्रा असतो ना, सायकलच्या दुकानात पोरं मागून घेतात, तो. एका सबटायटल फाइलमध्ये तिचा 'चेंडू' झाला होता आणि अख्खा वर्ग चेंडू शोधत बसला होता.

३. पाब्लो म्हणजे नट की पात्र? श्रेयनामावलीत गोंधळ होतो.

होतो खरा. पाब्लोचं काम हुआन होसे बायेस्ता या मुलानं केलं आहे. आल्फ्रेदोचं काम करणाऱ्या मुलाचं नाव मात्र पाब्लो गालान. पाब्लोचे वडील मारिआनो म्हणजे मानुएल मोरोन आणि आल्फ्रेदोचे वडील होसे म्हणजे आल्बेर्तो हिमेनेथ. मोरोन यांना पाहून एका बाईंनी मला विचारलं, "हा माणूस खऱ्या आयुष्यातही असाच असेल का हो?" एखाद्या नटाला याहून मोठी पावती काय मिळणार!

४. ही सत्यघटना आहे का?

पटकथा स्वतः मान्यास यांची आहे आणि तिला पुरस्कार मिळाला तो मूळ पटकथेचा. म्हणजे कुठल्या पुस्तकावरून उचललेली नाही. "हे कुठल्या मुलाचं खरंच झालं होतं का?" असं लोक विचारतात तेव्हा मला वाटतं, त्यांना 'नाही' ऐकायचं असतं.

५. पुरस्कार कोणते मिळाले?

२००१ च्या फेब्रुवारीत झालेल्या गोया सोहळ्यात चार : सर्वोत्कृष्ट चित्रपट, नवोदित दिग्दर्शक, मूळ पटकथा आणि नवोदित अभिनेता. गोया हे स्पेनचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. शेवटचा पुरस्कार बायेस्ताला मिळाला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. २००१ मध्येच युरोपियन फिल्म अवॉर्ड्समध्ये पदार्पणाचा पुरस्कारही या चित्रपटाला मिळाला. बायेस्ता पुढेही नट म्हणून टिकला. २००५ मध्ये सान सेबास्तियान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य शिंपलं मिळालं.

६. स्पॅनिश शिकतोय. सबटायटलशिवाय कितपत कळेल?

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अर्धंही कळणार नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मुलं माद्रिदच्या रस्त्यावरची भाषा बोलतात, भरभर आणि शब्द गिळत. 'तीओ' म्हणजे खरं तर काका, पण इथे तो 'यार' आहे. 'चावाल' म्हणजे पोरगा. शिव्या भरपूर आहेत. आधी पाब्लोच्या घरातले प्रसंग सबटायटल बंद करून पाहा. तिथे माणसं कमी बोलतात. का, ते प्र. ९ मध्ये येईल.

७. मुलांना दाखवावा का? कितव्या वर्षी?

मी तेरा वर्षांच्या खाली दाखवत नाही, आणि तेराच्या पुढेही शेजारी कुणी मोठं माणूस बसलेलं असावं असं माझं मत आहे. प्रत्यक्ष मारहाण फार कमी वेळ दिसते, पण शेवटाकडचा एक प्रसंग सहन होत नाही. शिव्या आहेत, आजारपण आणि मृत्यू आहे.

सुरुवातीचा खेळ मात्र आधीच बोलून घ्या. रुळांवर एक बाटली ठेवलेली असते. गाडी जवळ आली की दोन बाजूंनी दोन मुलं धावतात आणि गाडीच्या तोंडासमोरून बाटली उचलून पलीकडे जातात. मुंबईच्या लोकलला लटकून व्हिडिओ काढणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. एकदा एका मुलानं मला विचारलं होतं, "हे खरंच शूट केलं का?" त्याच्या डोळ्यांत जे चमकत होतं ते पाहून तेव्हापासून मी आधी बोलते, मग लावते.

८. पण पाब्लो हा खेळ खेळतो कशाला? घरी कमी भीती आहे का?

माझ्या मते त्याचमुळे खेळतो. घरची भीती केव्हा येईल हे त्याला ठरवता येत नाही. किल्लीचा आवाज, दुकान बंद करून आलेल्या बापाचा चेहरा, त्यावर सगळं. रुळांवरची भीती तो स्वतः निवडतो, आणि ती काही सेकंदांत संपते.

आल्फ्रेदोला हा खेळ मूर्खपणाचा वाटतो. भित्रा म्हणतील याची त्याला पर्वा नाही. घरी ज्याला कुणी कमी लेखत नाही, त्याला रुळांवर काही सिद्ध करायची गरज पडत नाही. दोन घरांतला फरक इथेच कळतो, आपण दोन्ही घरांत पाऊल टाकण्याच्याही आधी.

९. पाब्लोनं आधीच कुणाला सांगितलं का नाही?

हा प्रश्न मोठी माणसं कमी विचारतात, मुलं जास्त.

सांगायचं तर काहीतरी वेगळं घडतंय असं आधी वाटायला हवं. पाब्लोला तुलना करायला दुसरं घरच नव्हतं. बाप म्हणजे हेच, घर म्हणजे हेच. वळ दिसले तर काहीबाही कारण सांगून मोकळं व्हायचं. त्याच्या घरात वाक्यं छोटी असतात : ये, जेव, कुठे होतास, दुकानात चल. आल्फ्रेदोच्या घरी माणसं एकमेकांची चेष्टा करतात, भांडतात, मुलाला मत विचारतात. पाब्लो तिथे बसलेला असतो तेव्हा त्याचा चेहरा पाहा. आनंद सगळ्यात शेवटी येतो. त्याच्याआधी अविश्वास असतो, नव्या गावात रस्ता ओलांडताना असतो तसा, गाडी कुठल्या बाजूनं येईल याचा.

म्हणून मला हा चित्रपट मारहाणीपेक्षा मैत्रीचा वाटतो. आल्फ्रेदो पाब्लोला वाचवायला निघालेला नाही. तो त्याला फक्त घरी घेऊन जातो.

१०. बाप इतका का मारतो? काही कारण दाखवलंय का?

मोठा मुलगा अपघातात गेला आहे. तो गेलेला मुलगा बापाच्या मनात दिवसेंदिवस गुणी होत गेला आणि हयात असलेला पाब्लो त्याच्यासमोर रोज नापास होत राहिला. चित्रपट हे दाखवतो, पण बापाची वकिली करत नाही. "दुःखानं तो असा झाला" असं म्हणून उठायचा मोह पालकांना फार होतो. मुलगा गेलेली घरं अनेक असतात. त्यातली सगळी उरलेल्या मुलावर हात टाकत नाहीत.

मारिआनो बाहेर अगदी नीट माणूस आहे. दुकान वेळेवर उघडतं, गिऱ्हाइकाशी धड बोलणं आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. तो म्हणाला, "मॅम, काउंटरवर खिळे मोजताना हा माणूस जसा दिसतो, तसंच सगळे दिसतात." हे त्यानं कौतुकानं म्हटलं नव्हतं.

११. आई गप्प का बसते? तिचा राग येतो.

येऊ द्या. मलाही येतो. पण एक दृश्य परत पाहा : आई आणि पाब्लो मिळून म्हाताऱ्या आजीला अंघोळ घालतात. बारा वर्षांचं पोर न बोलता, सराईतपणे मदत करतं. त्या घरात कुणाचं काय करायचं हे प्रत्येकाला ठरवून दिलेलं आहे आणि आईच्या वाट्याला सांभाळणं आलं आहे. म्हातारीला सांभाळ, नवऱ्याचा मूड सांभाळ, आवाज शेजाऱ्यांपर्यंत जाऊ नये ते सांभाळ. मुलाला सांभाळायची पाळी येईपर्यंत तिच्यात काही उरत नाही. यानं ती सुटत नाही. पण फक्त तिच्यावर राग काढला की खुर्चीतला बाप आरामात सुटतो, हेही लक्षात ठेवा.

१२. आल्फ्रेदोचे वडील आदर्श दाखवलेत का? अंगभर टॅटू, आणि पोटच्या लहान मुलाला टॅटू काढतो!

टॅटूचा प्रसंग पुण्यात दर वेळी वाद पेटवतो. होसे टॅटू काढण्याचाच धंदा करतो आणि एका दृश्यात तो आपल्या मुलाच्या अंगावर टॅटू काढतो. बरोबर केलं का? मला विचाराल तर इतक्या लहान मुलाला नको होतं. दिग्दर्शकालाही तो आदर्श दाखवायचा नसावा. असता तर त्यानं होसेला शाळामास्तर केलं असतं.

पण दृश्याची मांडणी पाहा. एका बापाच्या हातात सुई आहे, मुलाला दुखतंय, आणि बाप पावलोपावली थांबून विचारतोय. दुसरा बाप कधीच विचारत नाही. दोन्ही मुलांच्या अंगावर बापाची खूण उरते. कातडीवरच्या खुणा पाहून माणूस ओळखायचा म्हटलं तर वस्तीतले सगळे लोक चुकीच्या बापाला नावं ठेवतील. चित्रपट नेमका त्यावर बोट ठेवतो.

१३. मध्येच एड्सचा विषय कशाला?

आल्फ्रेदोचा 'पाद्रिनो' म्हणजे धर्मपिता एड्सनं हॉस्पिटलात मरणाच्या दारात आहे. त्या पिढीतल्या स्पॅनिश प्रेक्षकाला याचं वेगळं स्पष्टीकरण लागत नव्हतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात हेरॉइनच्या सुयांमधून स्पेनमध्ये एड्स फार पसरला होता, अशा वस्त्यांमध्ये जास्तच. गोष्टीत त्याचं काम वेगळं आहे. आल्फ्रेदोच्या घरी मुलाला मृत्यूपासून लपवून ठेवत नाहीत, त्यालाही बरोबर घेतात. पाब्लोच्या घरी भाऊ जाऊन कित्येक वर्षं झाली तरी त्याच्याबद्दल धड कुणी बोललेलं नाही.

१४. होसेला कळतं तर तो सरळ मुलाला ठेवून का घेत नाही? कायदा काय सांगतो?

दुसऱ्याचं अल्पवयीन मूल आई-बापाच्या इच्छेविरुद्ध घरात ठेवलं तर आपणच गुन्हेगार ठरू शकतो, ही होसेची खरी अडचण. चित्रपटात समाजसेवेच्या क्षेत्रातली एक ओळखीची बाई त्याला हेच समजावते.

स्पेनमध्ये १९९६ च्या बालसंरक्षण कायद्यानुसार मुलाचा छळ लक्षात आला की कुणीही तो अधिकाऱ्यांना कळवायचा आणि मुलाला तातडीची मदतही करायची, असं आहे. गंमत अशी (गंमत तरी कसली), की चित्रपट आला तेव्हा स्पेनच्या दिवाणी संहितेच्या कलम १५४ मध्ये आई-बापांना मुलांना 'वाजवी आणि माफक' प्रमाणात वळण लावायचा हक्क होता. ते शब्द डिसेंबर २००७ मध्ये काढले गेले. २०२१ मध्ये मुलांवरील हिंसेविरुद्ध सर्वंकष कायदा आला. मुलांना मारायला सर्वांत आधी बंदी घातली ती स्वीडननं, १९७९ मध्ये.

१५. (शेवट) पाब्लो सुटतो का? शेवट अर्धवट वाटला.

एका रात्री फार बेदम मार बसतो, तो घरातून निघतो आणि आल्फ्रेदोचं कुटुंब त्याला आसरा देतं. त्यानंतर पाब्लो समोर पाहून जबानी देतो. बाप काय काय करतो, ते एकामागून एक, आवाज न चढवता, वाण्याची यादी वाचावी तसं. संगीत नाही, रडणं नाही. पुढं त्याला कुणाकडे ठेवलं, बापाला शिक्षा झाली का, काही कळत नाही. लोकांना हे खटकतं. मला नाही खटकत. अख्ख्या चित्रपटात ज्याच्या तोंडून पुरती वाक्यं निघाली नाहीत, तो एकदा सगळं बोलतो. प्र. ९ विचारणाऱ्या मुलांना मी हे दृश्य पुन्हा लावून दाखवते.

१६. "अहो पण थोडा धाक तर हवाच ना? आम्हीही मार खाऊनच मोठे झालो."

हॉलमध्ये मागच्या रांगेतून हे दर वेळी येतं, आणि सहसा चांगल्या माणसाकडून. मी त्यांना एवढंच विचारते : तुम्हाला मारलेलं आठवतंय, कशासाठी मारलं तेही आठवतंय का? बहुतेकांना पट्टा आठवतो, कारण आठवत नाही.

धाक आणि पाब्लोच्या घरची गोष्ट एकच नाही, मान्य. पण मारिआनोही स्वतःला राक्षस समजत नाही. तोही वळणच लावतोय, त्याच्या मते. एक चापट आणि पट्टा यांच्यामध्ये रेषा कुठे आहे, ते दर वेळी मारणाराच ठरवतो. म्हणून तर स्पेननं 'वाजवी आणि माफक' हे शब्द ठेवले नाहीत.

१७. आपल्याकडे कायदा काय आहे?

शाळेत मारायला बंदी आहे : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. घरात आई-बापांनी हात उगारायला अशी थेट बंदी नाही. मात्र २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला मारहाण केली, छळलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना झाल्या, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो आणि तिथे माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे. जिल्ह्याची बालकल्याण समिती मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवते.

मदतीचा क्रमांक १०९८, चोवीस तास, फुकट. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून. आता ती सरकार चालवतं. मूल स्वतः फोन करू शकतं आणि शेजारीही.

१८. माझ्या मुलाचा मित्र रोज आमच्याकडे येऊन बसतो, घरी जायची वेळ झाली की चुळबुळ करतो. चित्रपट पाहिल्यापासून मला शंका येते. काय करू?

आधी एक गोष्ट. नुसती चुळबुळ म्हणजे मारहाण नव्हे. घरी अभ्यासाला बसवत असतील, आजी आजारी असेल, तुमच्याकडचं वायफाय चांगलं असेल. पण शंका आली आहे तर ती झटकूही नका.

मुलाला कोपऱ्यात घेऊन जबानी घेऊ नका. "तुला घरी मारतात का?" या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येतं, आणि त्यानंतर ते मूल येणं बंद होतं. त्याच्या आई-बापांना जाऊन जाब विचारू नका. मागाहून घरी काय होईल ते तुम्हाला दिसणार नाही. वळ दिसले तर तारीख लिहून ठेवा. मूल स्वतःहून बोललं तर ऐका, आणि "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागेल. मग १०९८ ला फोन करा किंवा शाळेतल्या समुपदेशकाला गाठा. पुरावे गोळा करणं तुमचं काम नाही. पाहिलं ते सांगणं तुमचं काम आहे. जीवाला धोका वाटला तर मात्र वाट न पाहता ११२.

मला हा प्रश्न पाठवणाऱ्या एका बाईंनी पुढे लिहिलं होतं : तो पोरगा रोज साडेचारला येतो, पोहे खातो आणि आपली बशी धुऊन पालथी घालून जातो, आमच्या पोराला कितीदा सांगूनही जमत नाही ते. मी त्यांना कळवलं की वरचं सगळं कराच, पण त्यासाठी त्याचं येणं थांबवू नका. साडेचारचे पोहे चालू ठेवा.